रणगाड्यातल्या दारूगोळ्याची जागा आराखड्यावर कशी तपासावी

बडोद्यात ईएमई स्कूल (लष्कराची इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल इंजिनियरिंगची शाळा) असल्यामुळे असेल, कलाभवनात, म्हणजे इथल्या एम. एस. विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत, इंजिनियरिंग शिकणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी प्रोजेक्टसाठी रणगाडा निवडतोच. मग सगळा वेळ चिलखताच्या जाडीत जातो. पण चिलखत भेदलं गेल्यावर आतले जवान वाचतील का, हे मुख्यतः आतली दारू कुठे आहे आणि ती पेटल्यावर दाब कुठून बाहेर पडतो यावर ठरतं. हे तपासायला ए-२ आकाराचा एक कागद पुरतो.

प्रमाण १:२० घ्या. सोव्हिएत बनावटीच्या टी-७२ रणगाड्याचा हल (खालचं मुख्य धड) जवळपास ७ मीटर लांब आणि ३.६ मीटर रुंद आहे, म्हणजे कागदावर ३५ आणि १८ सेंमी. वरून आणि बाजूने, असे दोन्ही छेद एकाच कागदावर मावतात. आता रंग भरा: गोळा फेकणारी दारू लाल, गोळ्याच्या पोटातली स्फोटकं पिवळी, माणसं निळी. लाल आणि पिवळा वेगळे ठेवणं महत्त्वाचं आहे. फेकणारी दारू जळते आणि दाब वाढवत जाते, त्या दाबाला वाट देता येते. स्फोटकांचा स्फोट इतका झटकन होतो की वाट उघडायला वेळच मिळत नाही. चिलखत भेदणाऱ्या बाणासारख्या गोळ्यात पिवळा रंग येतच नाही, तो भरीव धातू असतो.

भारताकडच्या टी-७२एम१ मध्ये ४४ गोळे असतात. त्यातले २२ ऑटोलोडरच्या (तोफेत आपोआप गोळा भरणाऱ्या यंत्राच्या) चकतीत, टरेटच्या (वरच्या फिरत्या बुरुजाच्या) जमिनीखाली आडवे. गोळा खालच्या थरात, दारू वरच्या थरात. चकती खाली असल्याने समोरून तिच्यावर नेम धरणं अवघड असतं, ही जमेची बाजू. मात्र कमांडर आणि गनर (तोफ डागणारा) तिच्या थेट वर बसतात आणि मध्ये दाब अडवणारी भिंत नाही. उरलेले २२ काढताना खरी काळजी घ्या, कारण ते हलमध्ये आणि टरेटमध्ये विखुरलेले असतात आणि जास्त धोका त्यांचाच. शिवाय दारूचं वेष्टनही जळणारं असतं, धातूचं असतं ते फक्त बूड, त्यामुळे चिलखतातून उडालेला एक तापलेला तुकडाही पुरतो. म्हणून चकतीपुरतेच गोळे भरून निघणं हा सर्वांत स्वस्त बचाव. किंमत एवढीच की गोळे निम्मे होतात आणि मागून पुरवठा वेळेवर यावा लागतो. नेहमीची चूक म्हणजे टी-८० या दुसऱ्या सोव्हिएत रणगाड्याची चकती इथे काढणं. तिच्यात २८ गोळे असतात आणि दारू उभी राहते, त्यामुळे लाल पट्टा बराच वर चढतो.

त्याच कागदाच्या शेजारी अमेरिकी एम१ए१ काढा. ४० पैकी ३४ गोळे टरेटच्या मागच्या कप्प्यात, १७-१७ च्या दोन भागांत, आणि ६ हलमध्ये. कप्पा आणि जवान यांच्यामध्ये सरकती पोलादी दारं, आणि कप्प्याच्या छतावर मुद्दाम कमजोर ठेवलेली ब्लो-ऑफ पॅनेल, म्हणजे दाबाने उडून वाट देणारे पत्रे. नियम एकच: छत दारापेक्षा आधी हरलं पाहिजे. लोडर (गोळे भरणारा जवान) गुडघ्याने स्विच दाबतो तेव्हा दार उघडतं, गुडघा काढला की मिटतं. दार उघडं राहिलं तर ही सगळी रचना वाया जाते, म्हणून एक छेद दार उघडं ठेवूनही काढा आणि ज्वाळेचा बाण आतल्या बाजूला दाखवा.

जर्मन लेपर्ड २ रणगाड्यावर अनेकांची फसगत होते. टरेटमागे पॅनेलखाली फक्त १५ गोळे. २७ हलमध्ये, ड्रायव्हरच्या डावीकडे, आणि त्यांच्यावर पॅनेल नाही. पॅनेल दिसलं की ‘सुरक्षित’ लिहू नका. किती गोळे त्याच्याखाली आहेत ते मोजा आणि एकूण संख्येला भागा: लेपर्ड २ ला सुमारे ३६ टक्के, एम१ए१ ला टरेटमधलेच ८५ टक्के.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शर्मन रणगाड्याचे गोळे बाजूच्या वरच्या खणांतून तळाला आणले आणि रॅकभोवती पाणी-ग्लायकॉलचं मिश्रण ठेवलं. जुन्या रचनेचे मारा बसलेले शर्मन ६० ते ८० टक्के जळत, नव्या रचनेचे १० ते १५ टक्के. श्रेय पाण्याला दिलं जातं. आमच्या मते जागा बदलण्याचा वाटा मोठा आहे, कारण तळाला गोळा लागतोच कमी.

अग्निशमनाची नळी काढताना एक टीप लिहाच. हॅलॉनची (आग विझवणाऱ्या वायूची) यंत्रणा डिझेलची वाफ किंवा हायड्रॉलिक तेलाचा भडका सेकंदाच्या अंशात विझवते. तोफेच्या दारूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, ती हॅलॉनने विझत नाही. त्यामुळे ‘अग्निशमन आहे, मग भिंत कशाला’ हा युक्तिवाद परीक्षकांसमोर टिकणार नाही.

शेवटी प्रत्येक निळ्या माणसापासून त्याच्या झाकणापर्यंत (बाहेर पडायच्या दारापर्यंत) रेघ ओढा, आणि हीच रेघ तोफ चार वेगवेगळ्या दिशांना वळवून पुन्हा ओढा. काही स्थितींत तोफ ड्रायव्हरच्या झाकणावर येते आणि ते पूर्ण उघडत नाही. टी-७२ मध्ये त्याच्या सीटमागे तळाला आपत्कालीन झाकण आहे. ते काढायचं राहतं आणि मग ड्रायव्हरला वाटच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.