निगेटिव्ह मार्किंगची गणितं, एक्स-वाय न मांडता
६० प्रश्न, सगळे सोडवले, बरोबरला ४, चुकीला वजा १ (मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा पॅटर्न), मार्क पडले १३०, तर चुकले किती? समीकरणं मांडत बसू नका, उगाच वेळ जातो. आधी सगळे बरोबर धरा, म्हणजे २४०, त्यात ११० कमी पडले. आता एका चुकीमागे १ नाही, ५ जातात बरं का, मिळणारे ४ पण गेले ना, इथेच बरीच पोरं आपटतात. ११० भागिले ५, चूक २२, बरोबर ३८. ताळा: १५२ वजा २२, आले १३०. काही प्रश्न सोडलेले असतील तर त्यांच्यामागे फक्त ४ जातात, ते आधी काढा, समजा ५ सोडले तर २० गेले, उरले ९०, चूक १८. किती सोडले हेच विचारलं असेल आणि कमी पडलेल्या मार्कांना (इथे ११०) ५ ने भाग जात असेल, तर ५ च्या पटीत नसलेले ऑप्शन सरळ उडवा.