ऑपरेशननंतरची वीस वर्षं

किडनी प्रत्यारोपणात यायचंय म्हणून भेटायला येणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर असतं. ते सर्जनचं. आपण फिजिशियन. सर्जनचं काम काही तासांत आटोपतं. आपलं तिथून सुरू होतं आणि किडनी चालेल तोवर चालतं. (फोटोही त्यांचेच छापून येतात, सवय करून घ्या.) मेडिसिन, मग नेफ्रॉलॉजी म्हणजे किडनीचं शास्त्र, मग फेलोशिप. दहा वर्षं तरी जातातच, घरी आधीच सांगून ठेवा.

1954 साली बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी यशस्वी केलेलं प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधलं होतं, म्हणून शरीरानं ती किडनी आपलीच मानली. बाकीच्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबावी लागते. किती दाबायची, यातच आमचा जन्म जातो.

फेलोशिप संपून वर्षही झालं नव्हतं. प्रत्यारोपण झालेल्या एका बाईंचं क्रिएटिनिन 1.2 वरून 1.9 वर गेलं. रक्तातला हा आकडा वाढला की किडनीचं काम मंदावलं असं समजायचं. रिजेक्शनच असणार, म्हणजे शरीर किडनी नाकारतंय, असं धरून बायोप्सीआधीच, किडनीचा तुकडा न तपासताच, मी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टिरॉइडचे मोठे डोस दिले. बायोप्सीत निघाला बीके विषाणू, प्रतिकारशक्ती दबली की किडनीत डोकं वर काढणारा. त्यात ती दाबणारी औषधं कमी करायची असतात. मी नेमकी वाढवली होती. किडनी वाचली, पण पहिल्यासारखी राहिली नाही. बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्याला तरी नीट बघा."

तिथून माझं संशोधन सुरू झालं. हा विषाणू क्रिएटिनिन वाढण्याआधी रक्तात किती दिवस असतो, हे बघायला साठवलेले जुने नमुने काढले. मोठं अनुदान नव्हतं, फॉलोअपच्या वह्या होत्या. त्यातल्याही कितीतरी नोंदी टाकून द्याव्या लागल्या, कारण टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली लेव्हल सकाळच्या गोळीआधी घेतली की नंतर, हेच कुणी लिहिलं नव्हतं. प्रबंधाचा विषय शोधत हिंडण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून वही नीट ठेवा.

पुढे डीन झालो, मग कुलगुरू. बैठका, नेमणुका, अंदाजपत्रक; त्यात सांगण्यासारखं फार नाही. एक मात्र खरं, खुर्ची मोठी झाली की तोंडावर 'चुकलंय' म्हणणारे कमी होतात. म्हणून आठवड्यातली एक ओपीडी सोडली नाही. क्रिएटिनिनला आपण कुलगुरू असल्याचं काही नसतं.

तिथं शिकाऊ डॉक्टर विचारतात, "गोळ्या वेळेवर घेता ना?" सगळे हो म्हणतात. मी विचारतो, "गेल्या आठवड्यात किती चुकल्या?" मग पेशंट बोटं मोजायला लागतो.