लहान कुत्र्याचं दुखणं सापडत नाही? आधी या चुका टाळा

"दोन दिन व्हयनात, काही खाई नही राहिना." चोपड्यापासून शिरपूरपर्यंत कुठल्याही जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्याची हकीकत या एका वाक्याने सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. डॉक्टर ताप बघतात, दोन इंजेक्शनं होतात, संध्याकाळी कुत्रं वरणभात खातं. आठवडा जातो न जातो तोच पुन्हा कोपऱ्यात पडून राहतं. असं दोन-तीनदा झालं की घरात बोललं जातं, "याचा रोगच कळत नाही." अनेकदा तो कळण्यासारखा असतो. आपणच त्याच्या खुणा पुसत गेलेलो असतो.

रक्त घेण्याआधी इंजेक्शन

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि तिला डॉक्टरांइतकाच मालकाचा हट्ट कारणीभूत असतो. "काहीतरी द्या, पण आज उभं राहिलं पाहिजे" म्हटलं की स्टेरॉइड येतं. त्याने ताप उतरतो, भूक लागते, पॉमेरेनियन पुन्हा गेटपर्यंत धावत जाऊन भुंकतं. (खानदेशात ज्याला पॉमेरेनियन म्हणतात ते बहुधा इंडियन स्पिट्झ असतं, पण असो.) मूळ आजार मात्र आहे तिथेच राहतो. वर रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं गणित बदलतं, यकृताचं एएलपी नावाचं एन्झाइम वाढतं, आणि पुढच्या तपासणीत दिसतं ते आजारामुळे की औषधामुळे, हे सांगणं अवघड होऊन बसतं. डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिकचे काही डोस पोटात गेले की गोचीडतापाचे जंतू रक्तात इतके कमी होऊ शकतात की रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्टीवरच काय, जंतूंचे जनुक शोधणाऱ्या पीसीआर तपासणीतही सापडत नाहीत. रिपोर्ट स्वच्छ, कुत्रं आजारी.

म्हणून आधी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये रक्त, एक ताजी काचपट्टी, आणि मग इंजेक्शन. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा श्वासाला धाप असेल तर उपचार थांबवू नयेत हे खरं. पण सलाईनसाठी शीर सापडलीच आहे, तर त्याच सुईतून थोडं रक्त काढून ठेवा असं म्हणायला काय हरकत आहे?

सलाईनच्या बाबतीत तर हे विशेष महत्त्वाचं. अ‍ॅडिसन नावाच्या आजारात मूत्रपिंडाजवळची ग्रंथी पुरेसं संप्रेरक बनवत नाही. मध्येच उलट्या, जुलाब, थरथर, मरगळ. मग काही दिवस अगदी ठणठणीत. तरुण आणि मध्यमवयीन माद्यांमध्ये तो जास्त दिसतो. सलाईन आणि स्टेरॉइड दिलं की असं कुत्रं झपाट्याने सुधारतं, आणि नेमका म्हणूनच हा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो. सोडियम आणि पोटॅशियम सलाईन लावण्याआधी मोजलं तर संशय तिथेच येतो.

"आमच्याकडे गोचीड नाहीच"

कुत्र्याची तपकिरी गोचीड गोठ्याची वाट बघत नाही. ती भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत, कुत्र्याच्या गादीखाली राहते, फरशीच्या बंगल्यातही. चावल्यानंतर एहर्लिकियाची, म्हणजे गोचीडतापाच्या एका मुख्य जंतूची, लक्षणं साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तोवर गोचीड गळून गेलेली असते. तिथून पुढे हा आजार फसवा आहे. पहिला ताप आपोआप उतरू शकतो, मग महिनोन्‌महिने कुत्रं धडधाकट दिसतं, आणि एके दिवशी नाकातून रक्त येतं. प्लेटलेट कोसळलेल्या असतात.

काचपट्टीवर काही दिसलं नाही म्हणजे गोचीडताप नाही, असं धरू नका. उलट दवाखान्यातच रक्ताचा थेंब टाकून बघायच्या रॅपिड कार्डवर रेघ उमटली म्हणजे आजचं दुखणं तेच, असंही नाही. ते कार्ड प्रतिपिंडं (अँटिबॉडी) दाखवतं आणि ती जुन्या संसर्गाचीही असू शकतात. बबेसिया, म्हणजे गोचिडीतूनच येणारा आणि तांबड्या पेशी फोडणारा परजीवी, निघाला तर कुठला, हे विचारा. गिब्सोनाय हा लहान प्रकार नेहमीच्या बबेसियाच्या इंजेक्शनाने नीट जात नाही, त्याची औषधं वेगळी. एहर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिनचा कोर्स सहसा २८ दिवसांचा असतो. कुत्रं पाचव्या-सहाव्या दिवशी भाकरी खाऊ लागतं आणि उरलेल्या गोळ्या फ्रिजवर पडून राहतात, हे घरोघरी चालतं.

माणसांच्या लॅबचा रिपोर्ट

तालुक्याला बहुधा माणसांचीच पॅथॉलॉजी लॅब असते. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात माणसाच्या मर्यादा छापलेल्या असतात. कुत्र्याच्या पांढऱ्या पेशी साधारण ६,००० ते १७,००० असतात; पण १४,००० समोर लॅबवाला "जास्त" असं छापतो आणि घरात इन्फेक्शनचा बोभाटा होतो. कुत्र्याच्या तांबड्या पेशीही माणसापेक्षा लहान, त्यामुळे माणसांसाठी लावलेलं मशीन चुकू शकतं. प्लेटलेट फार कमी आल्या तर घाबरण्याआधी काचपट्टी बघायला सांगा. नमुन्यात गुठळ्या झाल्या असतील तर आकडा खोटाच कमी येतो.

पाच किलोचा जीव

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. माणसाचा हिशोब लावून "ताप आहे" म्हणत क्रोसिन देणारे कमी नाहीत. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी काहीही घरच्या डब्यातून देऊ नका. पोटात व्रण, मूत्रपिंड किंवा यकृताला इजा, आणि मूळ आजारावर दुसरा आजार. बैलाला लावायचं गोचिडाचं औषध अंदाजे पाण्यात टाकून लहान कुत्र्याला आंघोळ घालणं हेही त्यातलंच. वजन माहीत नसेल तर कुत्रं उचलून काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा.

भरीत सांगायचं राहून जातं

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते. कांद्याची पात, लसूण, मिरची. उरलेलं भरीत कुत्र्यापुढे जातं. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कांद्याचं प्रमाण किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम झालं की त्रास होऊ शकतो, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला एखाद-दुसरा कांदा पुष्कळ. त्रास त्याच दिवशी दिसेलच असं नाही; तो काही दिवसांनी दिसतो: हिरड्या फिक्या, लघवी तांबूस-तपकिरी. बबेसियातही नेमकं हेच दिसतं. "गुरुवारी भरीत होतं" हे वाक्य तुम्ही बोलला नाहीत तर डॉक्टरांनी ते ओळखायचं कुठून? कपाशी किंवा केळीत फवारणी झाली होती का, उंदराचं औषध कुठे ठेवलं होतं का, हेही सांगा. तोंडाला फेस, अंग थरथरतंय आणि बाहुल्या बारीक झाल्यात, असं असेल तर फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन ताबडतोब निघा.

वहीत काय लिहायचं

पाणी मोजा. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याने अर्ध्या लिटरहून जास्त पाणी प्यायलं, तर ते लिहून ठेवा. नसबंदी न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांनी फार पाणी पीत असेल आणि मलूल असेल, तर गर्भाशयात पू झाल्याचा संशय आधी घ्यावा आणि सोनोग्राफी लगेच करावी. बाहेर स्राव दिसेलच असं नाही. झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास हे हृदयाकडे किंवा फुफ्फुसाकडे बोट दाखवतात.

झटका, लंगडणं, हंसासारखा आवाज काढणारा खोकला यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेल्यावर कुत्रं हमखास नीट वागतं. तो खोकला लहान जातींत श्वासनलिका दबल्यानेही येतो. पट्ट्याऐवजी छातीला बांधायचा हार्नेस वापरा.

"घशात हाड अडकलंय" म्हणून तोंडात हात घालू नका. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, ही रेबीजचीही लक्षणं आहेत. लाळ जखमेला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लस घ्यायला माणसांच्या दवाखान्यात जा.

डॉक्टर बदलायला हरकत नाही, पण मागची फाइल घेऊन बदला.  जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कामाचा मोठा भाग गाई-म्हशींचा असतो, तेव्हा कुत्र्याच्या गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी पुढे कुठे न्यायचं हे तिथल्या लोकांनाच विचारा. बहुतेक वेळा ते मोकळेपणाने सांगतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे कुत्रं न्यायचं असेल तर पहाटे उन्हाआधी निघा. आजारी कुत्रं तापलेल्या गाडीत धापा टाकत पोचलं, तर थर्मामीटरवरचा आकडा तापाचा की उन्हाचा हे डॉक्टरांनाही पटकन सांगता येणार नाही.