अस्पष्ट फोटो: या चुका टाळा

"फोटो ब्लर आलाय, कुठल्या ॲपने नीट होईल?" हा प्रश्न ऐकून मी थकलो आहे. फोटो नीट न बघताच ॲप शोधायला लागणं ही पहिली चूक. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं, म्हणून तो संगणकावर १०० टक्के मोठा करून बघा. सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसल्या, तर कॅमेरा हललाय. मागची भिंत स्वच्छ आणि माणसाचा हात तेवढा पुसट, तर माणूस हललाय. कान स्पष्ट, डोळे अस्पष्ट, तर फोकस चुकलाय. सगळंच दुधाळ, तर लेन्सवर वाफ धरली आहे किंवा बोटाचा ठसा आहे. प्रत्येकावरचा उपाय वेगळा.

यातली मला सर्वांत जास्त छळणारी चूक म्हणजे फोकस कुठे घ्यायचा हे कॅमेऱ्यावर सोडून देणं. मामेबहिणीच्या लग्नात मी तेच केलं होतं. ५० मिमीची लेन्स, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१.८ इतकं मोठं उघडलेलं, सगळे फोकस पॉइंट चालू, म्हणजे फोकस कुठे घ्यायचा ते कॅमेरा ठरवणार. नवरदेवाच्या खांद्यामागे जागा धरली. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली गेला, अक्षता उडाल्या, मी सलग नऊ फोटो काढले. घरी येऊन बघतो तर नऊच्या नऊ फोटोंत तिचा चेहरा धूसर. कॅमेऱ्याने फोकस धरला होता अंतरपाटावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकावर! पांढऱ्या कापडावर लाल रेघा, त्याही तिच्यापेक्षा जवळ. त्याला दुसरं काय दिसणार? आणि मी बटण अर्धं दाबून धरलेलं, त्यामुळे पडदा गेला तरी फोकस तिथेच अडकला. माझ्या कॅमेऱ्याच्या क्रॉप सेन्सरवर (३५ मिमी फिल्मपेक्षा लहान सेन्सर) या लेन्सने दोन मीटरवरून एफ/१.८ला जेमतेम १२ सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, वीतभरही नाही. ती हातभर मागे उभी होती. तो क्षण तिच्या अल्बममध्ये नाही आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी फोकसचा एकच पॉइंट वापरतो. मामा वधूला घेऊन आले की पडद्याच्या कडेने तिच्या चेहऱ्यावर फोकस घेतो, लेन्सवरचा खटका एमएफवर (मॅन्युअल फोकस) टाकतो म्हणजे फोकस हलत नाही, स्पष्ट पट्टा रुंद व्हावा म्हणून ॲपर्चर लहान करून एफ/४ करतो आणि जागचा हलत नाही. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात डोळे ओळखणारा फोकस असतो हे खरं, पण पडद्याआडचे डोळे त्यालाही दिसत नाहीत.

पुढची चूक शटरची. हातात धरून फोटो काढताना शटर निदान '१ भागिले फोकल लेंग्थ' सेकंद इतकं वेगवान हवं. फोकल लेंग्थ म्हणजे लेन्सचा मिमीमधला आकडा. क्रॉप सेन्सर असेल तर ती लेंग्थ दीडपट धरायची. म्हणजे २०० मिमीला १/३०० सेकंदाच्या आसपास. लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो तुमच्या हाताची थरथर सावरतो, समोरच्याची हालचाल नाही. विसर्जन मिरवणुकीत ढोलावर पडणारं टिपरू थांबवायचं तर मी १/५००च्या खाली जात नाही, उजेड कमी असेल तर आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० करतो. "दाणे येतील" म्हणून आयएसओ वाढवायला घाबरणाऱ्यांना माझं सांगणं आहे, दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा परत आणता येत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. शटरचं बटण ठोकू नका, हळूच दाबा. ट्रायपॉडवर दोन सेकंदांचा टायमर लावा. लेन्स जुनी असेल तर ट्रायपॉडवर स्टॅबिलायझरही बंद करा. सगळंच स्पष्ट यावं म्हणून एफ/२२ वर जाऊ नका, इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ होतो. मी एफ/११ला थांबतो. लेन्स शर्टाने पुसू नका.

फोटो सुधारायच्या ॲपमधल्या शार्पनिंगच्या पट्टीबद्दलही बोलायला हवं. ती कडांचा कॉन्ट्रास्ट वाढवते, एवढंच. किंचित मऊ फोटोला तिने उठाव येतो, पण फोकस चुकलेल्या डोळ्यांत ती जीव आणत नाही. एआयवाली साधनं तर नसलेल्या पापण्या रंगवतात. आजीच्या फोटोत दुसऱ्याच कुणाचे डोळे मला नकोत. त्यापेक्षा तो फोटो लहान आकारात छापा, अस्पष्टपणा कमी जाणवतो.

पावसाळ्यात कोकणात एसी गाडीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढलात, तर लेन्सवर वाफ धरणारच. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद ठेवून उतरा, अर्धा तास तसाच राहू द्या, मग उघडा.