‘यीस्ट वाढलंय’ म्हणून घरीच उपाय करताय? आधी या चुका टाळा

कर्वेनगरात औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की पावसाळा किती मुरलाय ते गिऱ्हाइकांवरून कळतं. आधी सर्दी-खोकला, मग डासांच्या अगरबत्त्या, आणि जुलै अर्धा सरला की हळू आवाजातली चौकशी. बाजूचं गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच बामच्या बाटल्या न्याहाळायच्या आणि मग विचारायचं, “मॅडम, यीस्ट वाढलंय. केमिकल नको, काहीतरी नॅचरल आहे का?”

नॅचरलशी माझं वैर नाही. या दुखण्यात तर काही औषधंसुद्धा मातीतूनच आलीत. निस्टॅटिन १९५० साली अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींनी शेतातल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून काढलं. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सनेही हमायसिन हे बुरशीवरचं औषध असंच मिळवलं, स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना नावाच्या जिवाणूपासून. तेव्हा ‘मातीतलं चांगलं, बाटलीतलं वाईट’ हा हिशेब इथे चालत नाही. मला चीड येते ती घाईची. काय झालंय ते कळायच्या आत उपाय सुरू, चार दिवसांत गुण नाही म्हणून दुसरा, आणि सगळं करून कातडी सोलवटली की मग माझ्याकडे.

कँडिडा नावाचं हे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि बायकांच्या योनीमार्गात मुक्कामालाच असते. शेजारचे जिवाणू आणि आपली प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकचा कोर्स, हाताबाहेर गेलेली शुगर, गरोदरपण, स्टेरॉइड, सतत ओली राहणारी कातडी, यातलं काही घडलं की ती फोफावते. म्हणून ‘शरीरातून यीस्ट धुऊन काढायचं’ ही भाषाच मला पटत नाही. ते कशामुळे वाढलं हे आधी शोधा.

सकाळी ग्लासात थुंकून निदान करणं

सगळ्यात डोकं फिरवणारा प्रकार. उठल्या उठल्या, चूळ न भरता, ग्लासभर पाण्यात थुंकायचं. लाळेचे धागे खाली लोंबले किंवा तळाशी गढूळ बसलं की म्हणे ‘कँडिडा ओव्हरग्रोथ’ पक्की. अहो, लाळेत म्युसिन नावाचं चिकट प्रथिन असतं, रात्रभर तोंड कोरडं पडून लाळ घट्ट होते, धागे येणारच. माझ्या ग्लासात येतील, तुमच्याही येतील. याला तपासणी म्हणत नाहीत.

हॉस्टेलवर राहणारी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातली एक मुलगी ओरेगॅनो ऑइलच्या कॅप्सूल मागायला आली होती. मोबाइलवर ग्लासाचा फोटो, धाग्यांभोवती लाल गोल काढलेला. थकवा, डोकं जड, अभ्यासात लक्ष नाही, गोड खावंसं वाटतं, व्हिडिओतल्या यादीतलं सगळं जुळलं होतं. (जुळणारच. परीक्षेच्या दिवसांत ती यादी इथल्या कुठल्याही मेसमध्ये वाचून दाखवा, अर्धे हात वर होतील.) साखर बंद केली होती, ते ठीक. पण पोळी, भात, केळी, इडली, दही, सगळंच बंद. डब्यातली भाजी आणि काकडी यावर दिवस काढत होती. चक्कर यायला लागली तेव्हा व्हिडिओवाल्याने त्याला ‘डाय-ऑफ’ म्हटलं: यीस्ट मरतंय, विष बाहेर पडतंय, म्हणजे उपाय लागू पडतोय.

सिफिलिससारख्या काही रोगांत औषध दिल्यावर, जंतू मरताना, काही तासांत थंडी-ताप येतो. ती प्रतिक्रिया खरी आहे, डॉक्टरांना शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. तिचा दाखला उचलून उपाशीपोटी आलेल्या चकरेला चिकटवला की विकणाऱ्याची सोयच झाली. बरं वाटलं तर उपाय लागू पडला, त्रास झाला तरी उपाय लागू पडला. मग थांबायचं कधी?

मी कॅप्सूल दिल्या नाहीत. नखांचा रंग बघून म्हटलं, आधी डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपास. हिमोग्लोबिन आठच्या खाली निघालं. पाळीत रक्त फार जायचं, ते तिने घरी सांगितलंच नव्हतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, जेवण सुरू झालं. दिवाळीनंतर दुकानात आली तेव्हा हातात वडापाव होता.

थकव्यापासून उदासीपर्यंत सगळ्याचं खापर यीस्टवर फोडायची टूम अमेरिकेत १९८०च्या दशकात फोफावली. तिथल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने १९८६ मध्येच ती सिद्ध झालेली नाही असं जाहीर केलं. १९९० मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत अशा तक्रारी असलेल्या बायकांना निस्टॅटिन देऊन पाहिलं. योनीमार्गाच्या तक्रारी कमी झाल्या, पण बाकीच्या शरीरभरच्या लक्षणांत औषधाने खोट्या गोळीपेक्षा जास्त फरक पडला नाही.

आणि पावाचं. पावातलं यीस्ट सॅकरोमायसीस जातीचं, कँडिडा वेगळी. शिवाय भट्टीत ते मरतं. इडलीचं पीठ तर मुख्यतः जिवाणूंमुळे फुगतं. मिसळ पावाऐवजी चमच्याने खाल्ली म्हणून खाज जात नाही.

‘उष्णता झालीय’ म्हणत शुगर न बघणं

हे साठीच्या आसपासच्या मंडळींचं. आमच्या एक काकू, मधुमेहाच्या जुन्या पेशंट, लघवीच्या जागी खाज म्हणून ट्यूब न्यायच्या. निदान स्वतःच केलेलं, उष्णता. उपाय म्हणून सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी आणि रोज दोन चमचे गुलकंद.

“काकू, गुलकंद? शुगर असताना?”

“अगं, तो थंड असतो.”

थंड असेल. पण पाकळ्यांच्या बरोबरीने साखर घालून मुरवलेला असतो तो. ट्यूबने खाज थांबायची, महिन्याभरात परत यायची. पुन्हा आल्या तेव्हा मी फाइल मागितली. शुगरची गोळी बदललेली, नवीन नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही ती मंडळी. पेटंट संपल्यापासून स्वस्त झाली आणि आता घरोघरी दिसतात. जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकणं हे त्यांचं काम. आता साखर तिथूनच बाहेर पडणार, जागा ओलसर, वर दमट हवा. यीस्टला आणखी काय हवं? या गोळ्यांबरोबर हे इन्फेक्शन वाढतं, ही माहीत असलेली गोष्ट आहे.

काकूंना वाटलं, मी गोळी बंद करायला सांगते आहे. अजिबात नाही. ती गोळी चांगली आहे, हृदय आणि किडनीसाठीही देतात. माझं म्हणणं इतकंच होतं की डॉक्टरांना खाज सांगा. त्या लाजून शुगरच्या डॉक्टरांना हे बोललेल्याच नव्हत्या. डॉक्टरांनी इन्फेक्शनचा कोर्स पूर्ण करून घेतला, गोळी चालू ठेवली आणि लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडं करायला सांगितलं. गुलकंद मी सोडायला लावला. पुरुषांनाही हे होतं, शिश्नाच्या टोकाशी लाली, खाज, चरचर. फक्त काका स्वतः येत नाहीत, ट्यूब आणायला काकूंना पाठवतात.

वर्षात तीन वेळा किंवा जास्त झालं तर नवीन घरगुती उपाय शोधू नका, आधी तीन महिन्यांची शुगर तपासा. मधुमेह असल्याचं अशा खाजेवरूनच कळलेले लोक मी पाहिलेत.

स्वयंपाकघर योनीमार्गात नेणं

लसणाची पाकळी, दही, व्हिनेगर, टी ट्री ऑइल. लसणाच्या रसाने प्रयोगशाळेतल्या बशीत कँडिडा मरते, हे खरं. पण बशीला आग होत नाही. आधीच सुजलेल्या नाजूक कातडीवर लसूण ठेवला तर भाजल्यासारखं होतं, आणि मग ती आग यीस्टची की लसणाची, हे कोणालाच सांगता येत नाही.

व्हिनेगरमागचं गणितही चुकलेलं. ‘आम्लता कमी झाली म्हणून यीस्ट वाढलं’ असं समजून ते वापरतात. यीस्ट इन्फेक्शनमध्ये योनीमार्गाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) बहुधा नेहमीसारखाच, ३.८ ते ४.५च्या दरम्यान असतो. पीएच वाढतो तो जिवाणूंच्या इन्फेक्शनमध्ये, त्यात मासळीसारखा वास येतो. फेसाळ, पिवळट-हिरवं जात असेल तर तिसरंच काही असू शकतं आणि मग नवऱ्यालाही औषध लागतं. यीस्टचं पांढरं जाणं बहुधा फुटलेल्या दुधासारखं, फारसा वास नसलेलं, खाज भरपूर. तिन्हींवर उपाय वेगळे, म्हणून मैत्रिणीला लागू पडलेली गोष्ट तुम्हाला पडेलच असं नाही.

दही खा, वाटीभर खा. विरजणातले जिवाणू आणि योनीमार्गात राहणारे जिवाणू एकाच कुळातले असले तरी एक नव्हेत. लावून उपयोग होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही.

रिकाम्या कॅप्सूल आणि कॅरमची बोरिक पावडर एकत्र मागणारं गिऱ्हाईक आलं की मी दोन्ही परत फळीवर ठेवते. चिवट, नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या यीस्टवर डॉक्टर बोरिक अ‍ॅसिडच्या मोजून भरलेल्या, योनीमार्गात ठेवायच्या कॅप्सूल देतात, ते खरं आहे. पण ते गिळलं तर विष आहे आणि गरोदरपणात चालत नाही. एका बाईंना ती कॅप्सूल तोंडाने घ्यायची असंच वाटत होतं. वाचलेलं अर्धवट होतं.

शिब्यांवर खोबरेल चोळणं

पाठीवर, छातीवर, मानेवर फिकट ठिपके, म्हणजे शिबे. हेही यीस्टच, पण मॅलॅसेझिया, आणि ते जगतंच तेलावर. प्रयोगशाळेत ते वाढवायचं तर वरून ऑलिव्ह तेल घालतात. ‘खोबरेल अँटीफंगल असतं’ हे वाचून लोक घाणीवरचं शुद्ध तेल आणून रोज मालिश करतात आणि ठिपके पसरले की पावसाला दोष देतात. डॉक्टर यावर केटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू अंगाला लावायला सांगतात. बुरशी गेल्यावरही फिकट डाग भरून यायला महिने लागू शकतात, तेव्हा पंधरा दिवसांनी ‘फरक नाही’ म्हणून भांडायला येऊ नका. लग्न तोंडावर आलेली मुलं हमखास येतात.

मिक्स ट्यूब

जांघेत, स्तनांखाली लाल चट्टा उठला की शेजाऱ्याने दिलेली तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब लावतात. त्यातल्या स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज गायब, माणूस खूश. बुरशी मात्र आत पसरत राहते, कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वळ उठतात. लेबलवर घटक न लिहिलेल्या ‘शंभर टक्के जडीबुटी’ डब्याही मला संशयास्पद वाटतात. दोन दिवसांत जादू दिसली की संशय वाढतो.

बाकीच्या, पटापट

दम्याचा स्टेरॉइडवाला पंप घेऊन चूळ न भरणं: जिभेवर, टाळ्याला पांढरी बुरशी येते, पंप झाला की खळखळून चूळ भरून थुंका.

कवळी घालून झोपणं: काढा, घासा, पाण्यात ठेवा.

प्रत्येक सर्दीला अँटिबायोटिक मागणं: माझ्याकडे मिळणार नाही.

हॉस्टेलच्या पॅसेजमधल्या दोरीवरची दमट लेगिंग तशीच चढवणं: मी पावसाळाभर अंतर्वस्त्रांवर शिवणीपर्यंत इस्त्री फिरवते, मगच घालते. हिंजवडीहून रेनकोटात दीड तास गाडी चालवून आलात की आधी कपडे बदला, चहा नंतर.

चिखल्यांवर पावडरीचा थर: आधी बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा, नाहीतर पावडरीचा लगदा होतो.

आंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक, तुरटी, योनीमार्गात फवारे मारणं: नको. बाहेरून साधं पाणी पुरतं.

खाज थांबली की ट्यूब बंद: लेबलवर किंवा चिठ्ठीवर असतील तितके दिवस लावा.

‘ती एकच खायची गोळी द्या’: फ्लुकोनॅझोल बऱ्याच औषधांशी भांडतं, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनशी तर नक्कीच, आणि गरोदर बाईने स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. चिठ्ठी आणा.

डॉक्टरांकडे कधी

पहिल्यांदाच झालं असेल तर. गरोदर असाल तर. ताप, ओटीपोटात दुखणं, वास, रक्त, फोड यातलं काही असेल तर. गिळताना दुखत असेल तर लगेच. धडधाकट मोठ्या माणसाच्या तोंडात कारण नसताना पांढरी बुरशी आली तरी जा, त्यामागे काहीतरी असू शकतं. स्राव किंवा कातडीची खरवड स्लाइडवर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) या द्रावणाच्या थेंबात बघायची साधी तपासणी असते, बहुधा त्याच दिवशी कळतं. नमुना द्यायला जाताना मात्र आदल्या रात्री ट्यूब लावून जाऊ नका. बुरशी असूनही स्लाइडवर दिसत नाही आणि पुन्हा खेप पडते.