वरचा ड्राफ्ट पिक कोणावर घालवायचा: वाद घालायच्या आधी काय काय करावं

२०२१ च्या एप्रिलमध्ये दादा आणि मी महिनाभर एकाच गोष्टीवरून भांडत होतो. मी इथं ओहायोत, सिनसिनाटीजवळ मेसनला, आणि तो सहा वर्षं इथं काढून पुण्याला परत गेलेला, पण बेंगल्स, म्हणजे सिनसिनाटीची अमेरिकन फुटबॉल टीम, काही त्याच्या डोक्यातून गेले नाहीत. आदल्या सीझनला आमची टीम ४ मॅच जिंकली, ११ हरली, १ बरोबरीत सुटली, त्यामुळं ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंतून टीम नंबरानं एकेक निवडतात तिथं, पाचवा नंबर, म्हणजे पाचवा पिक मिळाला, आणि सगळ्या फॅन्समध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे जमार चेस घ्या, तो बॉल पकडणारा रिसीव्हर, आणि दुसरी म्हणे पेनेई सूएल घ्या, तो ऑफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढं भिंतीसारखा उभा राहणारा धिप्पाड गडी. दादा सूएलवाला, मी चेसवाला.

तेव्हा पुण्यात दुसऱ्या लाटेचा लॉकडाऊन होता, दादा घरातच अडकलेला, त्यामुळं रोज रात्री व्हिडिओ कॉल आणि रोज तेच. पण त्या महिन्यात आम्ही दोघं हळूहळू नीट वाद घालायला शिकलो, म्हणजे नुसतं "तो भारी, हा भारी" सोडून. अमेरिकन फुटबॉल नव्यानं बघायला लागलेल्या लोकांना आणि एनएफएल या तिथल्या लीगच्या ड्राफ्टवर मित्रांशी बोलायचंय पण सुरुवात कुठून करावी कळत नाही अशांना उपयोग होईल म्हणून ती पद्धत इथं लिहितोय.

१. हातात नेमकं काय आलंय ते आधी समजून घ्या

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहिती असतो, तिथं प्रत्येक टीमकडं पैसे असतात आणि ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नाहीच. ३२ टीम, ७ राउंड, आणि जी टीम आदल्या वर्षी सगळ्यात वाईट खेळली ती पहिली निवडते. कॉलेजातनं आलेला पोरगा कुठल्या टीमकडं जायचं ते स्वतः ठरवत नाही.

आता खरी गोम पगारात आहे. २०१० साली पहिला आलेला सॅम ब्रॅडफर्ड, त्याचं कॉन्ट्रॅक्ट ६ वर्षांचं आणि ७ कोटी ८० लाख डॉलर्सचं होतं. मग लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत नवीन करार झाला, नवख्यांच्या पगाराला नंबरप्रमाणं मर्यादा आली, आणि पुढच्याच वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनला ४ वर्षांचे साधारण २ कोटी २० लाख मिळाले. म्हणजे आज वरचा पिक लागला तर तुम्हाला चार वर्षं, आणि पहिल्या राउंडचा असेल तर टीमच्या मर्जीनं पाचवं वर्षही, मोठा खेळाडू बाजारभावापेक्षा खूप स्वस्तात मिळतो, आणि वाचलेल्या पैशात तुम्ही बाकीची टीम बांधता. त्यामुळं "हा किती चांगला खेळेल" याच्या बरोबरीनं "असाच खेळाडू बाहेरून विकत घ्यायचा झाला तर किती पडेल" हेही विचारा. क्वार्टरबॅक, टॅकल, रिसीव्हर, क्वार्टरबॅकवर धावून जाणारे डिफेन्सवाले हे सगळे बाजारात फार महाग, रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारे, त्या मानानं स्वस्त.

२. क्वार्टरबॅकचा प्रश्न सगळ्यात आधी मिटवा

आपल्याकडं पुढची दहा वर्षं खेळेल असा क्वार्टरबॅक आहे का? याचं उत्तर "हो" असेल तरच बाकीच्या चर्चेला अर्थ आहे. आमच्याकडं जो बरो होता, २०२० चा पहिला पिक, म्हणून आम्ही चेस की सूएल करत बसू शकलो.

उत्तर "नाही" असेल तर काय होतं ते न्यूयॉर्क जायंट्सच्या फॅन्सना विचारा. २०१८ मध्ये त्यांचा नंबर दुसरा, त्यांचा क्वार्टरबॅक इलाय मॅनिंग ३७ वर्षांचा, आणि त्यांनी घेतला रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कली. त्याच ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक जॉश अॅलन सातवा गेला आणि लमार जॅक्सन, तोही क्वार्टरबॅकच, ३२ वा. बार्कली खेळाडू म्हणून कुठंच कमी नव्हता, पहिल्याच वर्षी त्यानं नवख्यांमधलं बक्षीस मारलं, पण त्याच्याभोवती टीमच नव्हती. पुढं २०२४ मध्ये ईगल्सकडून तो एका सीझनला २००५ यार्ड पळाला आणि सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. खेळाडू बरोबर होता, नेमणूक चुकीच्या वेळी झाली, असं माझं ठाम मत आहे.

पण याचा अर्थ गरज आहे म्हणून दिसेल तो क्वार्टरबॅक उचला असाही नाही. २०२१ लाच सॅन फ्रान्सिस्कोनं बाराव्या नंबरवरून तिसऱ्यावर यायला आपले पुढचे दोन पहिल्या राउंडचे पिक आणि वर एक तिसऱ्या राउंडचा दिला, ट्रे लान्स घेतला, आणि शेवटी त्यांना सुपर बोलपर्यंत नेलं ते २०२२ च्या ड्राफ्टमधल्या सगळ्यात शेवटच्या, २६२ व्या आलेल्या ब्रॉक पर्डीनं.

३. भोकं मोजा, पण तारखेसकट

सगळे फॅन "आपल्याला लाइनमन पाहिजे" (लाइनमन म्हणजे टॅकलसारखे पुढच्या भिंतीतले गडी) एवढंच म्हणतात. तेवढ्यानं भागत नाही. एक कागद घ्या, प्रत्येक जागेपुढं आत्ता कोण आहे, त्याचं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय आणि तो जखमी झाला तर मागं कोण, हे तिन्ही लिहा. दादानं हे कालनिर्णयच्या एप्रिलच्या पानाच्या कडेला बॉलपेननं लिहिलं होतं, चतुर्थीच्या चौकोनाला खेटून, आणि कॅमेऱ्यासमोर धरून मला वाचायला लावलं. रिसीव्हर: ए. जे. ग्रीन गेला, टी हिगिन्स आहे, टायलर बॉयड आहे. टॅकल: डावीकडं जोना विल्यम्स, उजवीकडं रायली रीफ, आणि रीफपुढं कंसात "फक्त १ वर्ष", त्याखाली दोन रेघा.

त्या दोन रेघांनी मला पहिल्यांदा गप्प केलं, कारण मी रीफ आलाय म्हणजे लाइनचं काम झालं असं धरून चाललो होतो. एका वर्षाचा माणूस म्हणजे भोक बुजवलेलं नसतं, झाकलेलं असतं. (रीफ त्या सीझनच्या शेवटी जखमी झाला आणि प्लेऑफ खेळूच शकला नाही.)

४. एका नावाची नाही, जोडीची तुलना करा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. पहिल्या राउंडला तुम्ही फक्त एक खेळाडू निवडत नाही, दुसऱ्या राउंडला तुम्हाला काय शोधावं लागणार तेही तिथंच ठरतं. त्यामुळं प्रश्न "चेस की सूएल" असा नव्हताच. तो होता "चेस आणि दुसऱ्या राउंडचा लाइनमन, की सूएल आणि दुसऱ्या राउंडचा रिसीव्हर".

हे एकदा मांडलं की वाद एकदम वेगळा होतो, कारण मग तुम्हाला बघावं लागतं की यंदा कुठल्या जागेचे चांगले खेळाडू जास्त आलेत, कुठल्या जागेवर चाळिसाव्या नंबरलाही चांगला माणूस उरेल. बेंगल्सनी चेस घेतला, मग दुसऱ्या राउंडला ३८ वरून ४६ वर खाली सरकून चौथ्या राउंडचे दोन पिक कमावले, आणि ४६ व्या नंबरला जॅक्सन कारमन नावाचा लाइनमन घेतला. कारमन कायमचा जम बसवू शकला नाही. आणि क्रीड हम्फ्री, जो पुढं चीफ्सचा सेंटर, म्हणजे मधला लाइनमन, म्हणून लीगमधल्या सर्वोत्तमांत गणला गेला, तो ६३ व्या नंबरपर्यंत शिल्लक होता! म्हणजे आमची जोडी अर्धीच जमली.

दुसरीकडं डेट्रॉइट लायन्सला सातव्या नंबरला सूएल मिळाला, आणि रिसीव्हर त्यांनी थेट चौथ्या राउंडला, ११२ व्या नंबरला घेतला, अॅमन-रा सेंट ब्राउन. पुढं दोघंही ऑल-प्रो झाले, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडले गेले. दादा ही जोडी आजही मला ऐकवतो, आणि मी त्याला दरवेळी सांगतो की ११२ व्या नंबरला सेंट ब्राउन निघेल असं धरून पाचव्या नंबरचा निर्णय घेता येत नाही, तेव्हा बाकी ३१ टीमनीही त्याला तीन राउंड सोडलंच होतं ना. पण जोडीचा हिशेब त्याचा बरोबर आहे, हे मी मान्य करतो.

५. खाली सरकण्याचा भाव काढा

"ट्रेड डाउन करा" हे बोलायला सोपं. त्यासाठी एक जुना तक्ता आहे, नव्वदीच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजच्या माइक मॅकॉयनं बनवलेला, कोच जिमी जॉन्सनच्या नावानं ओळखतात. पहिला पिक ३००० पॉइंट, दुसरा २६००, पाचवा १७००, सातवा १५००, बारावा १२००, बत्तिसावा ५९०. आता टीमकडं स्वतःचे नवे तक्ते असतात, तरी फॅन्सच्या गप्पांना हा पुरतो. पाचवरून बारावर सरकायचं म्हणजे तुम्हाला ५०० पॉइंटची भरपाई पाहिजे, साधारण दुसऱ्या राउंडच्या वरच्या बाजूचा एक पिक. तेवढं कोण देतंय ते सांगता आलं पाहिजे. समोरचा घेणारा कोण हे न सांगता नुसतं "खाली सरका" म्हणणाऱ्याचा मुद्दा धरू नका.

खाली सरकण्याच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा मात्र आहे. मॅसी आणि थेलर या दोन अभ्यासकांनी जुने ड्राफ्ट तपासले, तर एकाच जागेचे दोन खेळाडू पाठोपाठ निवडले गेले असतील त्यात आधी घेतलेला सरस निघण्याची शक्यता त्यांना जेमतेम ५२ टक्के सापडली. त्यामुळं दोन सारख्या खेळाडूंपैकी एकासाठी जीव टाकण्यापेक्षा जास्त पिक घेणं शहाणपणाचं, अपवाद तुमच्या मते त्या वर्षी एखादा खरंच वेगळ्या पातळीचा असेल तर.

६. खेळाडू स्वतः बघा, आणि घाई करू नका

चेस आणि सूएल दोघंही कोविडमुळं २०२० चा सीझन खेळलेच नव्हते, त्यामुळं बघायला होतं ते २०१९ चं. चेसचे एलएसयू या त्याच्या कॉलेजकडून ८४ कॅच, १७८० यार्ड, २० टचडाउन, आणि बॉल फेकणारा हाच बरो. मी त्या मॅचेस परत परत बघितल्या, दोघांचा मेळ नजरेत भरायचा, बरो बॉल सोडायचा तेव्हा चेस अजून वळलेलाही नसायचा.

मग ऑगस्टमध्ये प्रीसीझनला, म्हणजे सीझनआधीच्या सराव मॅचेसना, चेसच्या हातातनं बॉल सुटायला लागले. कॉलेजच्या बॉलवर पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या बॉलवर नसतात, तो हवेत दिसायला वेगळा पडतो असं त्यानं सांगितलं, आणि लोक भडकले, दादाचा रात्री दोनला मेसेज आला. सप्टेंबरला पहिलीच खरी मॅच व्हायकिंग्जशी, १०१ यार्ड आणि ५० यार्डांचा टचडाउन. म्हणून सांगतो, प्रीसीझनवरून पिक चुकला असं म्हणू नका, बरोबर ठरला असंही नाही.

७. लिहून ठेवा, मग तीन वर्षं थांबा

आपलं मत ड्राफ्टच्या आधी कागदावर तारीख टाकून लिहा, नाहीतर नंतर प्रत्येकजण "मी तेव्हाच म्हणालो होतो" करतो. भारतात असाल तर पहिला राउंड शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो, त्याआधी लिहा.

आणि निकाल लावताना एका मॅचवर जाऊ नका. चेसनं पहिल्याच वर्षी १४५५ यार्ड काढले आणि बेंगल्स थेट सुपर बोलला गेले, पण त्याच सीझनला बरो ५१ वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच पाडला गेला, आणि वर टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफला ९ वेळा आणि फायनलला रॅम्सविरुद्ध ७ वेळा. त्या फायनलचा शेवट मी कितीतरी वेळा थांबवून बघितलाय. २०-२३ मागं, मैदानाच्या मध्यावर, चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, एक यार्ड हवा. चेस पलीकडं जेलन रॅम्सीला मागं टाकून एकटा पळतोय, आणि इकडं अॅरन डॉनल्ड लाइन फोडून बरोला धरून गरागरा फिरवतोय. बॉल चेसपर्यंत गेलाच नाही. एकाच फ्रेममध्ये माझा मुद्दाही आहे आणि दादाचाही.

त्या रात्री दादानं मला फोन केला नाही, सकाळी फक्त कालनिर्णयच्या त्या पानाचा फोटो पाठवला. जानेवारीतच जुनं कॅलेंडर उतरवताना त्यानं एप्रिलचं पान फाडून ठेवलं होतं. रीफच्या नावाखाली त्या दोन रेघा, आणि खाली कोपऱ्यात त्यानं माझ्या नावापुढं माझं मत लिहून घेतलं होतं: "चेस, आणि ३८ ला कसाही करून लाइनमन."