तेराव्याला हार-शाली नको, देणगी द्या असं सांगायचंय? मग एवढं आधी करा

घरातलं माणूस गेलं की भेटायला येणाऱ्याला रिकाम्या हाताने यायला जड जातं, मग हार येतात, शाली येतात, गावाकडे दहाव्याला दुखवट्याच्या टॉवेल-टोप्या आणि साड्यांचा ढीग पडतो आणि नंतर तो कपाटात तसाच राहतो. तोच पैसा गेलेल्या माणसाच्या नावाने चांगल्या कामाला लागावा असं मला फार मनापासून वाटतं.

पहिलं म्हणजे संस्था एकच ठरवा, आणि ती त्या माणसाशी जोडलेली असू दे. आई शिक्षिका होती तर तिची शाळा, वडील कॅन्सरने गेले तर टाटा मेमोरियलसारखं हॉस्पिटल, कुणाचं आनंदवनशी नातं असेल तर तिकडे. चार नावं दिली की लोक गोंधळतात आणि शेवटी कुठेच देत नाहीत. भावंडांनी एकत्र बसून ठरवा, नाहीतर नंतर रुसवेफुगवे होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे घरच्यांच्या खात्यात घेऊच नका!! कितीही विश्वासाचं घर असलं तरी नंतर "किती जमले, किती दिले" अशी कुजबुज होतेच आणि दुःखात ते सोसवत नाही. संस्थेला फोन करून सांगा, त्यांचाच क्यूआर कोड मागवा, स्वतः १ रुपया पाठवून संस्थेचंच नाव दिसतंय ना ते बघा आणि मगच फॉरवर्ड करा. तेराव्याला संस्थेचा एखादा माणूस पावतीपुस्तक घेऊन येईल का तेही विचारा, कारण म्हातारी माणसं पाकीटच आणतात, त्यांना तिथल्या तिथे पावती मिळते.

संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी, आहे का तेही विचारून ठेवा. जुन्या टॅक्स रिजीममध्ये असणाऱ्यांना सवलत मिळते, पण पॅन द्यावा लागतो आणि रोख २ हजारांच्या वर दिले तर सवलत नाही, तिथे चेक किंवा यूपीआयच.

परदेशातल्या नातेवाईकांचं मात्र नीट बघा. ज्यांनी तिकडचा पासपोर्ट घेतलाय, ओसीआय कार्ड असलं तरी, त्यांची देणगी परदेशी धरली जाते आणि संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा आधी घेतलेली सरकारी परवानगी असेल तरच तिला ती घेता येते, तीही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यात. "तुझ्या खात्यात टाकतो, तू भर" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. भारतीय पासपोर्टवाल्यांना ही अट नाही.

स्मशानात किंवा पहिल्या दोन-तीन दिवसांत हा विषय काढू नका. दहाव्या-तेराव्याचा मेसेज जातो त्यातच खाली लिहा:

"कृपया हार, शाल, दुखवट्याचे कपडे आणू नयेत. आईच्या स्मरणार्थ कुणाला काही द्यावंसं वाटलं तर तिच्या शाळेला थेट द्यावं. आपण येणं हेच आमच्यासाठी खूप आहे."

ती शेवटची ओळ गाळू नका प्लीज, हातात पैसे नसलेला माणूस तेवढ्यावरून यायचं टाळतो. माइकवरून नावं आणि आकडेही वाचू नका, ५१ रुपये देणाऱ्याला मान खाली घालायला लागू नये. आणि तरीही कुणी टॉवेल-टोपी आणलीच तर परत करू नका, घ्या.

रक्कम बरी जमली तर संस्थेत कायम ठेव ठेवता येते का विचारा, बऱ्याच शाळा अशा ठेवीच्या व्याजातून दरवर्षी बक्षीस देतात. महिन्याभरात संस्थेकडून देणगीदारांची यादी घ्या आणि प्रत्येकाला फोन नाहीतर मेसेज करून पैसे कशाला लागले ते कळवा.